बदली गोळी

“म्हणजे बदली?” असं म्हणून त्यानं उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला, आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या बाकी तिघींचे हात जागच्या जागी थांबले.

मावशीनं मान वर केली नाही. तिनं विचारलं होतं ते एवढंच, की रक्ताच्या आजारावरची त्याची जी रोजची गोळी आहे ना, तीच आता दुसऱ्या कंपन्यांनीही काढली आहे म्हणे. औषध तेच, नाव आणि डबी तेवढी वेगळी. डॉक्टरीणबाई म्हणतात चालेल, तर ती आणायची का? हे एवढंसं वाक्य तिनं दुकानातून घरी येताना, जिना चढताना, भाजी चिरताना किती वेळा मनाशी घोळवलं होतं... आणि इतकं घोळवूनही ते नेमकं जिथं लागू नये तिथंच जाऊन लागलं.

“औषध तेच आहे,” ती हळूच म्हणाली. “कंपनी तेवढी दुसरी.”

“तेच म्हणतोय मी. खरी नव्हे, खरीच्या जागी आलेली. बदली.” त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “मला नको, मावशी. तुम्ही जुनीच आणा. आयुष्यात एकदा बदलीवर भागवलंय मी. पुन्हा नाही.”

“बरोबर बोललास, सोन्या,” आत्या म्हणाली. ही त्याच्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या जिभेला हाड कधीच नव्हतं, आणि आता म्हातारपणी दातही राहिले नसल्यामुळे जिभेला अडवणारं तोंडात काही उरलंच नव्हतं. “पितळ कितीही घासलं तरी त्याचं सोनं होतं का?”

“आत्या, भाजी वाढू?” सुनेनं घाईघाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या ताटात भलामोठा डाव उपडा केला.

मावशी उठली. पाण्याचा जग भरलेला होता तरी तो उचलून नळाकडे गेली. “बरं,” ती पाठमोरीच म्हणाली. “जुनीच आणते.”

बदली हा शब्द तिला नवा नव्हता. त्या शब्दाचीच भाकरी तिनं उभा जन्म खाल्ली होती.

लग्नाआधी ती मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखात्यात बदली कामगार होती. सकाळी दारापाशी बाकावर जाऊन बसायचं. मुकादम हजेरी घ्यायचा. कायम असलेल्या बायकांपैकी कुणी आजारी, कुणी बाळंत, कुणाचं मूल तापलेलं, अशा जितक्या जागा रिकाम्या तितक्यांदा तो बाकाकडे बोट करायचा, ‘तू... तू... आणि तू.’ ज्यांच्याकडे बोट वळलं नाही त्यांनी डबा न उघडता घरी जायचं. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं, दुसरीचा अॅप्रन घालायचा, काम मात्र कायम बाईपेक्षा रतिभर जास्तच करायचं, कारण आज हात चांगला चालला तर उद्या बोट आपल्याकडे वळेल, ही आशा! त्याच धुलाईखात्याला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरवर तिचा नवरा होता. पहिली बायको अकाली गेलेली, पदरात लहान मुलगा, मितभाषी माणूस. एके दिवशी तो धुलाईखात्याच्या दारात येऊन म्हणाला, “माझ्या घरी एक जागा रिकामी आहे.” त्याला विनोद करायचा नव्हता, त्याला दुसऱ्या शब्दांत बोलताच येत नव्हतं. ती हसली, आणि गेली.

पहिल्याच दिवशी आत्यानं उंबऱ्यातच म्हटलं होतं, “एक गेली, आता ही बदली आली.” पोराच्या तोंडातले दुधाचे दातही अजून पडायचे होते. त्याला त्यातली बोच कुठून कळणार? तो आनंदानं साऱ्या आळीभर सांगत सुटला, “ही माझी बदली आई!” लोक हसले. तो आणखी मोठ्यानं ओरडला. शेवटी बापानं त्याच्या कानाखाली एक वाजवली, जन्मातली पहिली आणि शेवटची. पोर रडलं नाही. नव्या आईकडे मात्र असं काही पाहिलं की ती चपराक आपल्याच गालावर बसली असती तर किती बरं, असं तिला वाटलं. त्या दिवसापासून तो तिला मावशी म्हणू लागला, आणि ‘तुम्ही’ म्हणू लागला. लोक म्हणायचे, पोरगा किती आदब राखतो बघा. ती ऐकून घ्यायची. आईला कुणी ‘तुम्ही’ म्हणतं का, हे ती कुणाला विचारणार?

तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचे पाढे घेतले, गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहिली. स्वतःचं मूल तिनं होऊ दिलं नाही, नवऱ्यानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “त्याला अजून माझी सवय व्हायचीय, त्यात आणखी वाटेकरी कशाला?” सवय व्हायचीच राहिली. नवरा गेला, पोरगा नळखात्याच्या कचेरीत कारकून झाला, लग्न झालं, सून गुणाची आली... आणि मग त्याच्या अंगावर उगाचच निळे डाग उठू लागले, दोन जिने चढला की तो भिंतीला धरून उभा राहू लागला. रक्ताचा आजार निघाला. जीव घेणारा, पण एक गोळी रोज, जन्मभर घेतली तर आवरता येणारा.

त्या गोळीची किंमत सुनेनं पुन्हा एकदा विचारून घेतली होती. नशिबानं कचेरीचा आजार-निधी होता, निधी परस्पर दुकानाला पैसे द्यायचा. रुग्णालयासमोरच्या औषधाच्या दुकानातून हिरवी डबी आणायचं काम मावशीनं आपणहून मागून घेतलं. हळूहळू त्याच्या गालांवर रंग चढला. तो म्हणायचा, “या डबीनं मला दुसऱ्यांदा जन्म दिला.” रिकाम्या डब्याही तो फेकू द्यायचा नाही, त्यांत टाचण्या, बटणं, सुटी नाणी ठेवायचा. त्याचा जीव त्या हिरव्या रंगात अडकला होता, आणि ज्या वस्तूत त्याचा जीव तिला मावशी हातही जपून लावायची.

आणि आता दुकानवालीनं तिला समोर बसवून समजावलं होतं.

“मावशी, इतकी वर्षं ही गोळी बनवायचा हक्क एकाच कंपनीकडे होता, म्हणून ती सांगेल तो भाव. त्या हक्काची मुदत संपली. आधी एकच नवी कंपनी उतरली तेव्हा भाव जरासा हलला, नाव घेण्याजोगं काही नाही. पण आता चारपाच जणी उतरल्यात आणि एकमेकींच्या पायात पाय घालून भाव चौथाईवर आणून ठेवलाय. तुमच्या निधीचं पत्र आलंय. नव्या गोळीचे पैसे ते पूर्ण देणार. जुनीच हवी असेल तर वरचा फरक ज्याचा त्यानं भरायचा.”

“आणि नवी चांगली असते?”

“माझे एकूण एक गिऱ्हाईक तीच नेतात. डॉक्टरीणबाईंना विचारा.”

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं होतं. फक्त त्या फरकाची गोष्ट मावशीनं घरी तोंडातून काढली नाही. कशी काढणार? ‘पैसे पडतील’ हा शब्द सख्ख्या आईच्या तोंडी काळजीचा असतो. सावत्र आईच्या तोंडून निघाला की तोच शब्द हिशेबाचा होतो! आणि उद्या नव्या गोळीवर त्याचं काही बिनसलं तर? जगानं म्हटलं असतं, सावत्र होती, पैशासाठी औषध बदललं. जगाचं जाऊ दे. तिनं स्वतःच स्वतःला म्हटलं असतं. त्याला खरी हवी होती. बस. आपल्या हातून त्याच्या ताटात आणखी एक बदली पडायची नाही, हे तिनं तो भरलेला जग पुन्हा नळाखाली धरतानाच ठरवून टाकलं.

आठवड्याभरात ती धुलाईखात्याच्या दाराशी जाऊन बाकावर बसली. मुकादम नवा होता, तिच्या सोन्याहूनही लहान.

“आजी, बाह्यरुग्ण विभाग पलीकडे. इथं फक्त कपडे येतात.”

“मी पेशंट नाही रे बाबा. बदली आहे.”

तो हसायलाच लागला. पण आतून तिची जुनी जोडीदारीण, इस्त्रीच्या रोलरवर काम करता करता केस पांढरे झालेली बाई, हात पुसत बाहेर आली. “हसू नका, साहेब. रक्ताचे डाग काढण्यात हिचा हात धरणारी अजून जन्मायचीय. घ्या तिला, नाही तर मीही चालले घरी.”

मुकादमानं बोट केलं. तिनं पुन्हा अॅप्रन बांधला.

घरी तिनं सांगितलं, की जुन्या मैत्रिणीला अंथरूण धरलंय, दिवसा तिच्याकडे जाऊन बसते. आत्या म्हणाली, “हिला कधीपासून मैत्रीण?” पण त्यापलीकडे कुणी विचारलं नाही. घरात ज्या माणसाचं असणं गृहीत धरलेलं असतं त्याचं नसणंही लवकर गृहीत धरलं जातं. काम अंगावर आलं. शस्त्रक्रियेच्या हिरव्या चादरी आधी थंड पाण्यात भिजवायच्या, कारण गरम पाणी लागलं की रक्त कापडात कायमचं बसतं. मग खळखळत्या यंत्रात, मग पिळून वाफेच्या रोलरवर, मग घड्या, मग गाडी ढकलत वॉर्डांत. थंडीत बोटं बर्फासारखी गार आणि वाफेपाशी तोंड लालबुंद. तिची कंबर बोलू लागली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. पण दर महिन्याला जेव्हा ती हिरवी डबी त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि तो न बघता “ठेवा तिथं” म्हणायचा, तेव्हा तिच्या अंतःकरणात एक अनाम कृतार्थता भरून यायची... आपण या लेकराला काहीतरी अस्सल देतो आहोत. आपण स्वतः नसलो तरी आपल्या हातून जातंय ते तरी अस्सल आहे!

हे असंच वर्षभर चाललं, आणि पुढंही चाललं असतं. मग एकदा कचेरीला अचानक सुट्टी मिळाली म्हणून तो नेहमीचा दिवस सोडून रक्त तपासायला गेला.

त्याच मोठ्या रुग्णालयाच्या बोळात खुर्ची धरून तो आपला क्रमांक यायची वाट बघत होता. पलीकडच्या वॉर्डाच्या दारात मुकादम उभा होता, त्यानं बोळाच्या टोकाकडे तोंड करून हाक मारली, “ए बदली! इकडे चादरी कमी पडल्यात, गाडी इकडे आण आधी.”

तो शब्द कानावर पडताच त्यानं सवयीनं मान वळवली. टोकाशी चादरींचा डोंगर घातलेली गाडी होती, आणि त्या डोंगरामागून आवाज आला, “आले हो.”

तो आवाज त्यानं कुठंही ओळखला असता. गाडी हळूहळू जवळ आली. मागं वाकलेली एक म्हातारी, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत वर सरकवलेल्या बाह्या, पाण्यानं सुजून पांढरे पडलेले हात. ती त्याच्यासमोरून गेली. चादरींच्या भिंतीमुळे तिला तो दिसला नाही. दिसला तो परतताना, रिकामी गाडी घेऊन. ती थबकली. मुकादमानं पुन्हा हाक मारली आणि ती गेली.

संध्याकाळी घरात वादळ उठलं.

“कशासाठी?” तो विचारत होता. लाजेनं त्याचा चेहरा काळवंडला होता, आणि लाज वाटलेला पुरुष बहुतेक वेळा रागावतो. “माझ्या घरात तुम्हाला काय कमी आहे? उद्या कुणी बघितलं तर म्हणेल, सावत्र आईला या वयात चादरी धुवायला लावल्या. मैत्रीण आजारी आहे म्हणालात. खोटं बोललात.”

“बोलले,” मावशी म्हणाली.

“कशासाठी पण?”

“हाताला सवय आहे कामाची.”

“सवय कसली,” आत्या कोपऱ्यातून म्हणाली. “गाठोडं बांधतेय स्वतःचं. उद्या तुझं काही कमीजास्त झालं तर आपली सोय असावी म्हणून. परकं ते शेवटी परकंच, मी तेव्हाच म्हटलं होतं.”

मावशीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणेल, आत्या, गप्प बस. एवढं तरी म्हणेल... तो जमिनीकडे बघत राहिला.

“उद्यापासून जायचं नाही तुम्ही,” तो म्हणाला.

“जावं लागेल मला.”

“मग या घरात राहून जाऊ नका. दुनियेला तमाशा नको.”

त्याला म्हणायचं होतं एक आणि निघालं भलतंच, हे ते ऐकताक्षणी त्यालाही कळलं. पण सुटलेला शब्द आणि सांडलेलं दूध! मावशीनं चार कपडे पिशवीत घातले. सून दारात आडवी उभी राहिली, तिचे डोळे वाहत होते. मावशीनं तिच्या गालावर खरबरीत हात फिरवला आणि कुजबुजली, “जोडीदारणीकडे राहते थोडे दिवस. त्याची डबी संपायच्या आत आणून देईन, तू काळजी करू नकोस.”

पण सुनेचं मन राहीना. एवढं बोललं गेल्यावर पुन्हा त्यांनाच दुकानात पाठवायचं? तिनं ठरवलं, या खेपेला आपणच जावं.

दुकानवालीनं हिरवी डबी काढली आणि म्हणाली, “आज मावशी नाही आल्या? फरकाचे पैसे पाठवलेत ना त्यांनी?”

“कसला फरक?”

दुकानवाली तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं सांगायला सुरुवात केली, आणि सुनेला खुर्ची द्यावी लागली.

तासाभरानं त्याच खुर्चीत तो बसला होता. त्याला पुन्हा सगळं सांगावं लागलं. पहिल्यांदा त्याला ऐकूच आलं नव्हतं.

“वर्षभर?”

“वर्षभर. मी कितीदा म्हटलं, मावशी, घरी नीट समजावून सांगा. त्या म्हणायच्या, त्याला जुनीच हवी.” दुकानवालीनं चष्मा काढून पुसला. “गंमत बघा. भाव उतरला तसा निधीचा भार हलका झाला. माझ्याकडे येणाऱ्या घराघरांतला भार हलका झाला. काही लोक पूर्वी गोळी एक दिवसाआड घ्यायचे, ते रोज घ्यायला लागले. सगळीकडे खर्च उतरला, साहेब. तुमच्या एकट्याच्या घरात तेवढा चढला.”

“मला कुणी कळवलं कसं नाही? निधीचं पत्रक...” आणि बोलता बोलता तो थांबला. पत्रक आलं होतं. कचेरीत येणारं प्रत्येक पत्रक त्याच्याच टेबलावर यायचं. तो त्यावर शिक्का मारायचा आणि फलकावर टाचायचा. हेही त्यानं स्वतःच्या हातानं टाचलं होतं. शिक्का मारणारा माणूस मजकूर वाचत बसला तर दिवसाचं काम उरकायचं कधी, असं तो नव्या पोरांना शिकवायचा.

“मला नवी द्या,” तो म्हणाला.

धुलाईखात्याच्या मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. मावशी आणि तिची जोडीदारीण एका वाळल्या चादरीची दोन-दोन टोकं धरून ती ताणत होत्या. तो जवळ आला. जोडीदारणीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आपल्या हातातली टोकं मुकाट्यानं त्याच्या हातात दिली आणि आत निघून गेली.

“वर्षभर फरकाचे पैसे तुम्ही भरलेत,” तो म्हणाला.

“नीट धर. जमिनीला लागेल.”

त्यानं नीट धरली. चादर दुमडली की दोघांनी पुढं यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागं जायचं. हे काम दोन माणसांना एकमेकांजवळ आणल्याशिवाय होतच नाही.

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं? तुला खरी हवी होती. ती मिळत होती. मग पैसे कुणाचे, हे कशाला हवं?”

“आत्या तुम्हाला वाट्टेल ते बोलली आणि मी ऐकून घेतलं.”

“वन्संचं काय घेऊन बसलास. त्या बोलल्या नाहीत तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.” ती किंचित हसली. मग त्यानं खिशातून गोळ्यांचं एक पाकीट काढलं, पांढरं, अनोळखी. ते बघताच तिचं हसू विझलं आणि हातातली टोकं सुटली. चादर जमिनीवर पडली. ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

“नको,” ती म्हणाली. “हे करू नकोस. माझी कीव आली असेल तर ती दुसरीकडे कुठं खर्च कर, जिवावर नको. मी आणखी काही वर्षं सहज करीन काम. हातपाय धड आहेत माझे.”

“डॉक्टरीणबाई चालेल म्हणतात. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“त्या म्हणतात. सगळेच म्हणतात, तेच औषध, तोच गुण.” तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत त्यानं तो फुटलेला ऐकला नव्हता. “पण बदलीचं काय होतं ते त्यांना काय ठाऊक? ते मला विचार ना. मी जागा भरली. काम केलं, रतिभर जास्तच केलं, कुठं उणं पडू दिलं नाही... तरी झाले का मी? नाही ना झाले? माझं चाललं, मला सवय आहे. तुझ्या रक्ताशी मी हा खेळ होऊ देणार नाही.”

वाऱ्यानं चादरी फुगत होत्या आणि पुन्हा पडत होत्या.

“मला आईचा चेहरा आठवत नाही,” तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं.

“लहान होतो तेव्हापासून डोळे मिटून आठवायला बघतोय. तिचा हात आठवायला जावं तर तुझा हात पुढं येतो, हा असा, पेरांना चिरा पडलेला. तिचा आवाज आठवायला जावं तर कानात तुझंच येतं, स्वेटर घाल, सांभाळून जा. तू तिच्यासाठी जागाच ठेवली नाहीस गं कुठं. मला वाटायचं, मी तिला विसरलो, आणि ते तुझ्यामुळे. त्याचा राग होता माझ्या मनात.” त्यानं ओठ चावले. “बदली चालली नाही म्हणून नाही... चालली म्हणून.”

त्याचं लक्ष नव्हतं, पण तिचं होतं. ‘तू’ म्हणाला होता तो. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. जणू जन्मभर तेच म्हणत आल्यासारखा.

तो नळापाशी गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्यासमोर ती गोळी गिळली. ती दोन्ही हात छातीशी घट्ट धरून त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. मग त्यानं खाली पडलेली चादर उचलली, झटकली.

“घरी चल,” तो म्हणाला.

“अजून दोन गाड्या राहिल्यात घड्यांच्या.”

“मग होऊ दे.” आणि त्यानं बाह्या वर सरकवल्या. मुकादमानं दारातून डोकावून पाहिलं, कुणाच्या जागी हा आला म्हणून. पण जोडीदारणीनं त्याला डोळ्यांनीच दटावलं.

मावशी पुन्हा कामाला गेली नाही. पण पुढच्या तपासणीपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. तो जेवला की नीट जेवला का, तो झोपला की श्वास सरळ चालला आहे का, त्याच्या दंडावर कुठं निळं उमटलंय का... ती चोरून बघायची आणि तो बघू द्यायचा. तपासणीच्या दिवशी चौघंही गेले. आत्या म्हणाली होती, “मला घरी एकटीला करमत नाही, म्हणून येते.”

डॉक्टरीणबाईंनी अहवालावरून नजर फिरवली. “छान आहे. जसं हवं तसंच आहे रक्त.”

“पुन्हा एकदा बघा,” मावशी म्हणाली.

“बघितलं.”

“नीट बघा, बाई. मी थांबते.”

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी चष्मा सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अहवाल खरोखरच पुन्हा वाचला. “अगदी पूर्वीसारखंच आहे, मावशी. काही फरक नाही.”

मावशीनं मान डोलावली. ती बोळातून चालत आली, रस्ता ओलांडला, जिना चढली, सगळं नेहमीसारखं. घरी आल्यावर चहाचं आधण तिनं ठेवलं, कप काढले. बाहेर बसलेल्या आत्यानं बराच वेळ चुळबुळ केली, दोनदा खाकरली, आणि शेवटी भिंतीला सांगावं तसं म्हणाली, “ऐकतेस का गं... माझ्या त्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत ना, महाग मेल्या, त्यांच्यातही अशी दुसरी निघालीय का, विचार जरा दुकानात.”

“चालेल का पण तुला, आत्या?” त्यानं विचारलं.

“गप रे तू.” आत्या अजूनही भिंतीकडेच बघत होती. “तिनं आणलेली चालेल मला.”

“विचारते, वन्सं,” मावशी आतून म्हणाली. आणि मग ओट्याची कड धरून, पाठमोरी, ती पोटभर रडली. आणि बाहेर ती तिघं, आतलं ऐकू आलेलं तिला कळू नये म्हणून, उगाचच मोठमोठ्यानं काहीबाही बोलत राहिली.